जुन्या स्टील गिटारी: बेकेलाइटची आस, स्ट्रिंगमास्टरची सोय

मांडीवर आडवी ठेवून, तारांवर स्टीलचा बार सरकवत वाजवायची ही गिटार आपल्याकडे ‘हवाईयन’ याच नावाने ओळखली जाते. व्हॅन शिपली यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी रागदारीत ती वाजवली, त्यामुळे बारवरची मींड मराठी कानाला नवी नाही. जुनं अमेरिकी वाद्य घेताना मात्र बहुतेक जण क्रोमची चकाकी बघतात. बघायच्या असतात त्या दोन गोष्टी: चुंबकात जीव किती उरलाय आणि तारेची लांबी किती आहे.

आवाजाच्या बाबतीत रिकनबॅकर कंपनीच्या बेकेलाइटच्या (एक जुनं, कडक प्लॅस्टिक) ‘मॉडेल बी’ला तोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. याच कंपनीचं त्याआधीचं ‘फ्राइंग पॅन’ ओतीव ॲल्युमिनियमचं होतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून रंगमंचावरच्या दिव्यांखाली ते सुरात राहत नसे. १९३५ मध्ये बेकेलाइट आलं आणि ती तक्रार बरीच कमी झाली. पिकअपमध्ये, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात, दोन नालाकृती चुंबक समोरासमोर बसवलेले असतात. तारा त्यांच्या कमानीतून जातात आणि कॉइल तारांच्या खाली असते. खर्जाची तार छेडली की ती घुमते, पण गढूळ होत नाही. सगळ्यात पातळ तारही किरकिरत नाही, तिच्या सुराला अंग असतं. बाराव्या रेघेवर बार ठेवून एकच सूर लावा आणि हात हलवू नका. सूर विझत जातानाही त्याचा पोत तसाच राहतो. तानपुऱ्याच्या संदर्भात आपण ज्याला आस म्हणतो, ती हीच.

महायुद्धाआधीच्या पिकअपचे चुंबक १.५ इंच रुंद असतात, नंतरच्यांचे १.२५ इंच. रुंद चुंबकांना भाव जास्त मिळतो, आणि त्यांचा आवाज भरदार असतो हे खरंच आहे. तरीही जीव गेलेल्या रुंद चुंबकापेक्षा ताकद टिकलेला अरुंद चुंबक केव्हाही बरा. चुंबक उतरला की आवाज एकूणच बारीक आणि पातळ होतो, ॲम्प्लिफायर कितीही वाढवला तरी अंग येत नाही. अशा वेळी पिकअपचं काम करणाऱ्या माणसाकडून चुंबक पुन्हा भारून घेता येतात. घरी ते सुटे करून तसेच टेबलावर ठेवू नका. जुन्या पोलादी चुंबकाच्या टोकांवर लोखंडी पट्टी नसली तर त्याची उरलीसुरली ताकदही कमी होते.

वाद्य हातात आलं की टॉर्च घेऊन मानेच्या जोडाजवळचे स्क्रू बघा. बेकेलाइट ठिसूळ असतं आणि तडे तिथूनच सुरू होतात. तारांची दोन्ही टोकं ज्यावर टेकतात ते नट आणि ब्रिज बेकेलाइटमध्येच ओतलेले असतात. त्यांच्या खाचा झिजल्या तर नवा नट आणून बसवता येत नाही, खाच भरून पुन्हा कोरावी लागते. झीज ओळखायची युक्ती सोपी आहे. पाचव्या रेघेवर बार हलकेच टेकवा आणि तारा एकेक करून वाजवा. जी तार झणझणते ती बाकीच्यांच्या खाली गेलेली आहे. स्टील गिटारवर सगळ्या तारांची वरची बाजू एका पातळीत लागते, त्यामुळे जाड तारेची खाच जास्त खोल असणं हा दोष नव्हे.

सहा तारांत आणि एकाच जुळवणीत (ट्यूनिंगमध्ये) ज्याचं भागतं, त्याने इथेच थांबावं. दोन-तीन जुळवण्या हाताशी हव्या असतील तर कन्सोल, म्हणजे एकापेक्षा जास्त मानांचं वाद्य, घ्यावा लागतो, आणि त्यात फेंडरचा १९५३ साली आलेला स्ट्रिंगमास्टर सगळ्यात कामाचा. प्रत्येक मानेला आठ तारा आणि दोन पिकअप. या दोन पिकअपची जोडणी अशी आहे की दोन्ही चालू असताना विजेची घरघर कटते. एक छोटं चाक फिरवून दुसऱ्या पिकअपचं प्रमाण ठरवायचं. ते पूर्ण बंद केलं तर आवाज धारदार होतो आणि घरघर परत येते. अर्ध्याच्या आसपास ठेवलं की खर्जाला गोलाई येते आणि वरची धारही शाबूत राहते. बेकेलाइटची आस याला नाही, स्वच्छपणा मात्र आहे. भराभर स्वरावली वाजवताना तो फार उपयोगी पडतो.

घेताना खरी चूक होते ती लांबीत. हा कन्सोल २६, २४.५ आणि २२.५ इंचांत मिळतो. तीच तार त्याच सुरात लावली तर २२.५ च्या तुलनेत २६ इंचावर ओढ सुमारे ३३ टक्के जास्त पडते. सी-सिक्स्थ (सी, ई, जी, ए या सुरांच्या) जुळवणीत सर्वांत वर ‘जी’ हा सूर लावणारे लोक म्हणूनच २६ इंचावर तारा तोडत बसतात. मग बारीक तार लावून बघतात, तीही तुटते. साधी, वेढे नसलेली पोलादी तार एखाद्या सुराला तुटणार की नाही हे तिच्या जाडीवर ठरत नाही, लांबीवर ठरतं. बारीक तारेची ओढ कमी असते, पण ती ओढ पेलणारं पोलादही तितकंच कमी असतं. २६ इंची वाद्य स्वस्तात मिळालं तर वरच्या ‘जी’ऐवजी ‘ई’पर्यंतच जुळवा. ते छान बोलतं आणि लांब अंतरामुळे सूरही अचूक पकडता येतो. २२.५ इंचांवर सहा तारांच्या सी-सिक्स्थसाठी बारीककडून जाडीकडे .०१५, .०१८, .०२२, .०२४, .०३०, .०३६ हा संच नीट बसतो.

जुन्या फेंडर पिकअपचा नेहमीचा आजार म्हणजे चुंबक गंजून कॉइलची तार आतून तुटणं. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर हे आधी तपासा. मल्टिमीटरने रोध अनंत (म्हणजे तार तुटलेली) दाखवला तर कॉइल नव्याने गुंडाळावी लागेल, किंमत त्या हिशेबाने ठरवा. पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचा आकडाही वाचा: ३०४६५१२ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, १९६५ सालचा १२ वा आठवडा. वाद्य त्याआधीचं आहे असं विक्रेता म्हणत असेल, तर निदान पॉट तरी बदललेला आहे.

सुप्रो या अमेरिकी ब्रँडच्या स्टील गिटारींचा स्वभाव वेगळा. तारा कॉइलच्या पोटातून जातात, आवाज मधल्या पट्टीत दाट आणि थोडा खरखरीत येतो. ब्लूजला उत्तम, रागदारीला जड. तार बदलताना ती पिकअपमधून ओवावी लागते, म्हणून कार्यक्रमात एखादी तुटली तर वेळ जातो. मोत्यासारखं दिसणारं प्लॅस्टिकचं आवरण आकसून कडांना सुटतं, पण त्याने आवाजात काही फरक पडत नाही.

जोडीचा जुना अमेरिकी ॲम्प्लिफायर मिळत असेल तर तो थेट भिंतीतल्या २३० व्होल्टवर लावू नका, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. त्याआधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घ्या आणि दोन पिनांची वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची बसवा. या वाद्यात बार आणि तारा सतत हातात असतात, शॉक बसला तर तो थेट तिथूनच.