समलिंगी विषयावरचं मराठी पुस्तक विकायला कुठे ठेवावं: ऑनलाइन की दादर-फोर्टच्या दुकानांत?

छापखान्यातून गठ्ठे आले की छोट्या प्रकाशकापुढे हा प्रश्न उभा राहतोच. पण समलिंगी माणसांच्या जगण्यावरचं पुस्तक असेल तर त्याचं उत्तर कमिशनच्या हिशोबावर सोडू नये. कारण 2009 च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, ॲमेझॉनवर काय झालं ते समोर आहे.

एलजीबीटी विषयाच्या पुस्तकांचा विक्रीक्रमांक गायब झाला. पुस्तक विक्रीला होतं, पण 'प्रौढांसाठी' असा शिक्का बसल्याने ते बेस्टसेलर याद्यांतून गेलं आणि शोधातही सापडेना. दोन आया असलेल्या मुलीचं चित्रपुस्तकसुद्धा यातून सुटलं नाही. उलट 'होमोसेक्शुॲलिटी' शोधलं, तर मूल समलिंगी होऊ नये म्हणून काय करावं हे आईवडिलांना सांगणारं पुस्तक सर्वांत वर दिसे. क्रमांक का गेला असं विचारल्यावर कंपनीकडून मिळालेलं उत्तर लेखक मार्क प्रॉब्स्ट यांनी जाहीर केलं, ट्विटरवर 'ॲमेझॉनफेल' या हॅशटॅगने निषेधाचा भडका उडाला. कंपनीने आधी तांत्रिक बिघाड म्हटलं, मग वर्गवारीतली लाजिरवाणी चूक मान्य केली आणि 57,310 पुस्तकांचा आकडा दिला. त्यात आरोग्य आणि प्रजनन-वैद्यकाचीही पुस्तकं होती.

म्हणजे ऑनलाइन विक्रीत बंदीची भीती कमी, चुकीच्या खान्याची जास्त. एका शिक्क्यात हजारो पुस्तकं एकदम दिसेनाशी होतात. म्हणून नोंदणी स्वतः करा. बिसॅक या पुस्तकांच्या विषयवार कोडांच्या वर्गवारीत समलिंगी पुरुषांविषयीच्या कथा-कादंबरीचा कोड एफआयसी 011000 आहे, शृंगारिक साहित्याचा एफआयसी 005000. 'विषय तोच' म्हणून दोन्ही लावणं ही हमखास होणारी चूक, आणि तीच पुस्तकाला प्रौढ खान्यात ढकलू शकते. ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक चढवताना चित्रांत किंवा शीर्षकात उघड लैंगिक काही आहे का, असं विचारतात. नसेल तर 'नाही' निवडा. विषय समलिंगी आहे एवढ्यावरून 'हो' म्हणायचं कारण नाही.

पुस्तक लागल्यावर लॉगिन न करता तीनदा शोधा: देवनागरी शीर्षकाने, रोमन स्पेलिंगने, मग 13 आकडी आयएसबीएनने. फक्त शेवटच्या वेळी सापडलं तर नोंदीत गडबड आहे. विक्रीक्रमांक पहिली प्रत विकल्यावर येतो, त्यामुळे सुरुवातीला नसेल तर घाबरू नका. आलेला क्रमांक नाहीसा झाला तर मात्र तारखेसह स्क्रीनशॉट जोडून लगेच लेखी तक्रार करा.

दादरचं आयडियल किंवा फोर्टचं किताबखाना यांसारख्या दुकानांत पुस्तक असं एका रात्रीत नाहीसं होत नाही. चूक तिथेही होते, पण हाताने: कादंबरी 'कामशास्त्र' किंवा 'आरोग्य'च्या फळीवर खाली जाऊन बसते. फळी ठरवणारा माणूस बहुतेकदा मलपृष्ठच बघतो, तेव्हा तिथे 'कादंबरी' हा शब्द ठळक छापा. बाकी पाच मिनिटं बोलून सुटतं, आणि हा दुकानांचा मोठा गुण आहे. तोटा पैशांचा: माल 'विक्री किंवा परत' बोलीवर जातो आणि परतीच्या प्रती कोपरे दुमडून येतात. माल देतानाच्या चलनावर प्रतींची संख्या लिहून सही घ्याच.

वाचकाच्या बाजूनेही बघा. चाळीत पार्सल शेजारच्या काकूंकडे ठेवलं जातं, घरचे फोडून बघतात. दुकानात रोख दिले की नाव कुठे उरत नाही. पण पालघर किंवा परभणीच्या मुलाला असं दुकान कुठलं? त्याला मोबाइलवरच वाचायचं आहे. त्याच्यासाठी ऑनलाइन सोडून चालणार नाही.

छापील कादंबरी असेल तर आमचा कौल आधी दुकानांना, ऑनलाइन सोबतीला. ई-पुस्तक ऑनलाइनच जाणार, पण किंडलवर चढवताना 'केडीपी सिलेक्ट' या ॲमेझॉनच्या योजनेची खूण करू नका. त्यात 90 दिवस ई-पुस्तक दुसरीकडे देता येत नाही आणि मुदत आपोआप वाढते. नेमक्या त्याच काळात चुकीचा शिक्का बसला, तर वाचकाला दाखवायला दुसरी जागाच नसेल.