जर्मनीच्या बी-टूच्या नावाखाली माझे ४,९५,५०० रुपये गेले

जर्मनीत डॉक्टर म्हणून काम करायचं तर जर्मन भाषेची बी-टू पातळी आणि एफएसपी, म्हणजे डॉक्टरांची वैद्यकीय भाषेची परीक्षा, लागते. ते सगळं करून देतो म्हणणाऱ्या एका ऑफिसने माझ्याकडून घेतलेले पैसे असे: नोंदणीचे ३५,०००. 'बी-टू ते एफएसपी' पॅकेजचे ३,४०,०००. कागदपत्रांच्या भाषांतराचे ६८,५००. एफएसपीच्या तारखेचे ५२,०००. यातले दोन लाख बाबांनी शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढून दिले, त्याचा हप्ता अजून त्यांच्या पेन्शनमधून जातो. लाजेने चार महिने कुणाला सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात कॉलेजच्या एका ज्युनिअरने त्याच ऑफिसचं नाव घेऊन विचारलं, "ताई, हे लोक कसे आहेत?" तेव्हा मात्र राहवलं नाही. वकिलांनी नाव लिहू नको असं बजावलंय, म्हणून नाव लिहीत नाही. कसं फसवलं ते मात्र सगळं लिहिते.

मी एमबीबीएस. बॉण्ड पूर्ण केला, नीट पीजी दोनदा दिली, हवी ती ब्रांच मिळाली नाही. खासगी रुग्णालयात रात्रपाळ्या करत होते. मॅक्स म्युलर भवनाच्या (म्हणजे भारतातल्या गोएथे संस्थेच्या) वर्गाच्या वेळा माझ्या ड्युटीत बसत नव्हत्या. या लोकांचे वर्ग रात्री दहा वाजता ऑनलाइन असायचे आणि शिकवणाऱ्या मॅडम खरोखर चांगल्या होत्या. ए-वन ते बी-वन, म्हणजे बी-टूच्या आधीच्या तीन पातळ्या, मी प्रामाणिकपणे शिकले, पहाटे उठून शब्द पाठ केले. मला सर्टिफिकेट विकत घ्यायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. कारण आता जो तो तेच म्हणतो.

बी-टूची परीक्षा त्यांनी घरून, लॅपटॉपवर घेतली. कॅमेरा चालू, तीन तास, चारही भाग. मी घाम गाळून दिली. पंधरा दिवसांनी सर्टिफिकेट आलं, त्यावर एका युरोपीय वाटणाऱ्या संस्थेचं नाव आणि गोल शिक्का. "गोएथेच्या बरोबरीचंच आहे, सगळीकडे चालतं," असं सांगितलं. चालत नाही. डॉक्टरांना परवाना देणारी जर्मनीतली कार्यालयं गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मोजक्याच नावांची सर्टिफिकेटं मानतात, आणि गोएथेची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. कोणी घरून बी-टू देतो म्हणालं तर तिथेच फोन ठेवा.

खरी मेख पुढच्या कागदात होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ॲप्रोबेशन म्हणजे जर्मनीत डॉक्टरकी करायचा कायमचा परवाना, आणि त्यासाठी भाषेची अट आहे. २०१४ मध्ये जर्मनीतल्या राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी ठरवलं की परदेशात शिकलेल्या डॉक्टरकडे रोजच्या भाषेचं बी-टू हवं आणि वैद्यकीय भाषा सी-वन (बी-टूच्या वरच्या) पातळीची हवी. ही दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी त्या राज्याची डॉक्टरांची परिषद स्वतः तपासते. तीच एफएसपी. साठ मिनिटं, वीस-वीसचे तीन भाग: आधी पेशंटशी बोलायचं, मग त्याची माहिती लिहून काढायची, मग वरिष्ठ डॉक्टरला केस सांगायची. पेशंटसमोर स्वादुपिंडाला 'बाउखश्पायखेलड्रूझं' म्हणायचं आणि डॉक्टरसमोर तेच 'पांक्रेआस'. यांनी मला चाळीस केसेस पाठ करायला दिल्या आणि "यातलीच येते" म्हणून सांगितलं. मी पाठही केल्या.

मग एक दिवस व्हॉट्सॲपवर पत्र आलं. माझी एफएसपीची तारीख, वेळ, खाली सही. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं 'लांडेस-एर्त्स्टेकामर नोर्डराईन-वेस्टफालेन', म्हणजे नोर्डराईन-वेस्टफालेन (एनआरडब्ल्यू) या राज्याची डॉक्टरांची परिषद.

जर्मनीत राज्यं १६ आणि डॉक्टरांच्या परिषदा १७. कारण या एकाच राज्यात दोन परिषदा आहेत, नोर्डराईनची ड्युसेलडॉर्फला आणि वेस्टफालेन-लिपेची म्युन्स्टरला. पत्रावर होती त्या नावाची परिषदच नाही. आणि हे मला माहीत होतं. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात, 'एनआरडब्ल्यू = २' असं लिहून मी त्याला चौकट केली होती. ती वही त्या वेळी टेबलावरच होती. पत्राची सुरुवात 'झेअर गेएर्टर हेर डॉक्टर' अशी. हेर म्हणजे पुरुष! ए-वनच्या पहिल्या आठवड्यात शिकलेली गोष्ट. मी फोन केला, विचारलं. "डॉक्टर, दोन्ही परिषदा आता एकत्र झाल्यात, लेटरहेड नवीन आहे. हेरचं काय, क्लार्कची चूक. तारीख धरायची तर आज सहापर्यंत पैसे पाठवा." मी "बरं" म्हणाले. पाच वाजून चाळीस मिनिटांनी ५२,००० पाठवले, तेही एका माणसाच्या बचत खात्यावर. त्या दिवशी चोवीस तासांची ड्युटी करून आले होते. तरी ती चौकट डोळ्यांसमोरून जात नाही.

अर्ज आपण केल्याशिवाय एफएसपीचं बोलावणं येत नाही. परिषदेची फी परिषदेलाच भरायची असते. "माझा अर्ज क्रमांक काय?" एवढं विचारलं असतं तरी ते उघडे पडले असते.

सहा आठवडे वाट पाहून मी स्वतः जर्मनीतल्या परवान्याच्या कार्यालयाला मेल केला. उत्तर चार ओळींचं: तुमच्या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही, जोडलेलं भाषेचं प्रमाणपत्र ग्राह्य नाही. त्यानंतर ऑफिसचा फोन लागला नाही. बाबा आणि मी गेलो तर शटर बंद, खाली झेरॉक्सवाला म्हणाला, "महिना झाला गेले."

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी सांगितलं की ऑफिस दुसऱ्या हद्दीत आहे. तिकडे गेलो तर म्हणे पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, करार कागदावर आहे, हा दिवाणी मामला. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, तीन तास बाकावर बसले, कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. शेवटी एका हवालदाराने फाइल चाळली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, बोगस सर्टिफिकेट तर तुम्हीच घेतलंय, गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल." बाबांनी खाली मान घातली. ज्याने सर्टिफिकेट छापलं तो मोकळा, आणि जिने रात्री जागून परीक्षा दिली ती आरोपी? अजून एफआयआर नाही. हातात फक्त एक पोच आहे, तिच्यावरचा शिक्काही अर्धवट उठलाय. पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासाला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी दहा दिवस रडण्यात घालवले, तोवर खातं रिकामं झालं होतं.

पैशांपेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. जर्मनीच्या डॉक्टरविषयक कायद्याच्या तिसऱ्या कलमात भाषेच्या अटीसोबतच अर्जदार विश्वासार्ह असण्याची अटही आहे. माझ्या नावाने ते सर्टिफिकेट यांनी आणखी कुठे पाठवलं असेल, मला माहीत नाही. म्हणून मी स्वतःच त्या कार्यालयाला सगळी हकिगत आणि पोलिसांची पोच पाठवली. तुमच्याकडे असं सर्टिफिकेट असेल तर ते कुठेही जोडू नका.

आणि टेल्कची वैद्यकीय भाषेची परीक्षा दिली की एफएसपी माफ, असं सांगतील. खूप राज्यांत तसं नाही. ज्या राज्यात अर्ज करणार त्या राज्याला स्वतः लेखी विचारा.

आता रविवारी सुट्टी घेऊन गोएथेच्या बी-टूची तयारी करतेय, या वेळी केंद्रावर बसून. पहिल्या हप्त्याची पावती, खात्याचा क्रमांक, ते पत्र, सगळं जपून ठेवलंय. त्याच लोकांकडे ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी मला कळवा. वकील म्हणतात, पाच-सहा तक्रारी एकत्र गेल्या तर एफआयआर टाळता येणार नाही. सध्या आम्ही तिघं आहोत.