एकच लेख शंभर ठिकाणी, की स्वतःच्या संकेतस्थळावर एकच लेख?

देवगड हापूस थेट ग्राहकांना विकणाऱ्या बागायतदारापुढे लेखांतून प्रसिद्धी करण्याचे दोन मार्ग असतात. पहिल्यात एकच मजकूर शब्दांची अदलाबदल करून अनेक लेखसंग्रहांवर, म्हणजे कोणाचेही लेख घेणाऱ्या संकेतस्थळांवर, टाकला जातो आणि प्रत्येक परिच्छेदात ‘हापूस ऑनलाइन’ हे शब्द, शोधनिकालांत वर दिसावे म्हणून, दुव्यासह (लिंकसह) ठासून भरलेले असतात. २०११ साली गूगलने निकालांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत ‘पांडा’ हा बदल आणल्यावर अशा संग्रहांचे शोधनिकालांतील स्थान घसरले. तरीही ‘स्वस्तात शंभर दुवे’ अजून विकले जातात, याचे नवल वाटते.

दुसऱ्या मार्गात लेख स्वतःच्या संकेतस्थळावर असतो आणि ग्राहकाच्या खऱ्या शंकांना उत्तर देतो: आंबा गवताच्या आढीत कसा पिकतो, कच्चा असताना फ्रिजमध्ये का ठेवू नये, २०१८ साली हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासह कोणत्या पाच जिल्ह्यांना लागू आहे. याला वेळ लागतो, आणि लेख हंगामाच्या काही महिने आधीच तयार हवा. मात्र इथेही एक चूक सर्रास होते: माहिती उत्तम असते, पण पेटीचा दर, फळांची संख्या आणि घरपोच मिळण्याचे दिवस कुठेच दिलेले नसतात.

लहान व्यावसायिकाने दुसराच मार्ग धरावा. बाहेर लिहायचेच असेल, तर त्या वाचकासाठी नव्याने लिहावे आणि पैसे मोजले असल्यास ती जाहिरात असल्याचे स्पष्ट नमूद करावे.