आजीची भजनं कॅसेटमधून बाहेर काढताना: पुण्याच्या बुधवार पेठेतली एक सेवा

घरच्या प्रार्थनासभेत आजीने पेटी-झांजांवर म्हटलेली ख्रिस्ती भजनं बहुतेक घरांत साध्या ६० मिनिटांच्या कॅसेटवर असतात. तपकीर गल्लीजवळचं हे छोटं दुकान त्या डिजिटल करून देतं, आणि काम चोख आहे.

कॅसेट थेट लावत नाहीत. आधी आतला फेल्टचा तुकडा बघतात. त्याचा गोंद सुकून तो निसटला, की टेप हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज मधूनच बुडतो. मग हेड अल्कोहोलने पुसून शेजारचा बारीक स्क्रू फिरवत ॲझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी होणारा कोन, जुळवतात. घाईची दुकानं नेमकं हेच टाळतात, म्हणून तिथे झांज बोथट ऐकू येते.

वेगाचं मात्र आपणच सांगावं लागतं. रेकॉर्डिंगच्या वेळी सेल उतरलेले असले तर टेप हळू फिरलेली असते. आता ती वाजवली की आजी चढ्या पट्टीत, घाईघाईने गाते. तीच पेटी घरात असेल तर तिची पट्टी कळवा, त्यावरून वेग सुधारतात.

खरखर पूर्ण काढायला सांगू नका. तिच्यासोबत भात्याचा श्वास आणि ‘स’, ‘श’ही जातात. डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबलेली मूळ फाइलच मागा, तासाला साधारण ६०० एमबी. एमपीथ्री नातेवाइकांना पाठवण्यापुरती ठीक.

वेळ लागतोच, तासाची कॅसेट तासभर वाजते. पार्किंगची बोंब आहे, पीएमपी बसने जा.