११ केव्हीच्या पीटीचं टेस्टिंग, नागपूरच्या टीमचा अनुभव

राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगवर एचटी (हाय टेन्शन) पॅनल मी सांभाळतो. मागच्या आठवड्यात नागपूरहून टेस्टिंगवाली टीम बोलावली होती, व्हीसीबी (व्हॅक्यूम ब्रेकर) पॅनलमधल्या तीन पीटी, म्हणजे ११ केव्हीचे ११० व्होल्ट करून देणारे छोटे ट्रान्सफॉर्मर, चेक करायला (मीटरिंग क्यूबिकलमधल्या नाही बरं, त्याला महावितरणचं सील असते, तिथं हात लावायचाच नाही). सीझनच्या आधी कोणाला हे काम करायचं असेल म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

आधीचं सांगतो. पावसाळ्यात दुसऱ्या एका एजन्सीचा माणूस आला होता, त्याने पीटीच्या वरच्या टर्मिनलला मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं मीटर) लावला, रीडिंग सरळ झिरो. म्हणे तिन्ही शॉर्ट आहेत, बदलून टाका. तिन्ही एकाच वेळी कशा जातील भाऊ, लाईन तर चालू होती! शेठ कोटेशन मागवायला निघाले, मी कसंबसं थांबवलं.

नागपूरच्या सिनियरने आल्यावर मेगर पेटीतून काढलाच नाही. ब्रेकर बंद, लाईन डेड आहे का ते पाहिलं, अर्थिंग केलं, मग सेकंडरीचे (११० व्होल्टच्या बाजूचे) फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवले, कारण खालून चुकून ११० व्होल्ट उलटे गेले तर वर ११ हजार तयार होतात. मग टॉर्च घेऊन वाकला आणि पीटीच्या बुडाशी तांब्याची पट्टी दाखवली, हिरवी पडलेली. "हे पाहा भाऊ, न्यूट्रल एंड, म्हणजे ११ केव्हीच्या वाइंडिंगचं दुसरं टोक, इथं अर्थला बांधून आहे, हे न खोलता मेगर माराल तर झिरोच येईन ना." इतकी साधी गोष्ट, आणि त्यापायी आम्ही नव्या तीन पीटी घेणार होतो!

पट्ट्या खोलल्या, प्रत्येकीला लाल टेप बांधली, सेकंडरी शॉर्ट करून अर्थ केली. मेगर ५ केव्हीचा होता पण त्याने अडीचवरच ठेवला, न्यूट्रल एंडचं इन्सुलेशन ३ केव्हीचंच असते म्हणून. आर आणि वाय फेज गीगाओममध्ये आल्या, बी फेज मात्र ९० मेगाओम. त्याने लगेच फेल नाही लिहिलं. पीटीच्या अंगावरच्या रेझिनवर रुईचे तंतू चिकटले होते, ओलसर, बोटाला लागत होते. कोरड्या कापडाने पुसलं, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल), वाळू दिलं, रेझिनभोवती उघडी तार गुंडाळून मेगरच्या गार्डला जोडली (म्हणजे अंगावरून वाहणारा करंट रीडिंगमध्ये येत नाही) आणि परत घेतलं तर ३ गीगाओमच्या वर. म्हणजे करंट आतून जात नव्हता, अंगावरूनच वाहत होता.

नंतर इंड्यूस्ड टेस्ट, म्हणजे सेकंडरीतून व्होल्ट देऊन वर जास्त व्होल्टेज तयार करून पाहायचं. ११ केव्हीच्या पीटीला फॅक्टरीत २८ केव्ही देतात, साईटवर त्याच्या ८० टक्के म्हणजे २२.४. असल्या पीटीला ते बाहेरून हायपॉट (हाय व्होल्टेजचा टेस्ट सेट) लावून देता येत नाही, न्यूट्रल एंड मरेल, म्हणून पट्टी परत अर्थला जोडून सेकंडरीत २२४ व्होल्ट दिले, तेही १५० हर्ट्झने. ५० वर इतके व्होल्ट दिले तर कोर सॅच्युरेट होऊन करंट भडकतो. ४० सेकंद मी श्वास धरून उभा होतो, तिन्ही पास. सेकंडरीचं मेगरिंग ५०० व्होल्टवर आधीच झालं होतं, तिथं काही नव्हतं.

शेवटी डिस्चार्ज करून, पट्ट्या घट्ट आहेत का ते स्पॅनरने पाहून, टेप काढून प्रत्येक पट्टीचा फोटो मला पाठवला. हे मला सगळ्यात आवडलं, कारण पट्टी उघडी राहिली आणि लाईन सोडली तर तो एंड हवेत राहून फ्लॅशओव्हर (ठिणगी उडून शॉर्ट) होते.

तक्रार दोन आहेत. अकराचा टाईम देऊन दीडला आले, शटडाउन संध्याकाळपर्यंत लांबलं. आणि रिपोर्ट आठ दिवसांनी आला, त्यात टेम्परेचर लिहिलंच नव्हतं, फोन करून टाकून घ्यावं लागलं, रीडिंग तापमानाने केवढी फिरते हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी ५ पैकी ४ स्टार. फोनवर आधीच विचारून घ्या की जास्त हर्ट्झचा सेट सोबत आणता का. बी फेजची रीडिंग जानेवारीत कोरड्या हवेत परत घ्यायला मी त्यांनाच सांगून ठेवलं आहे.