रोजचा अर्धा तास की आठवड्याची एक सकाळ?

स्वतःसाठी वेळ काढायचा हे मनाशी पक्कं झालं की पुढचा पेच लगेच उभा राहतो. रोज थोडा काढायचा, की आठवड्यातून एकदाच भरपूर? बेळगावात दोन्ही तऱ्हेची माणसं भेटतात. काहीजण पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत किंवा किल्ला तलावाच्या कडेनं रोज फेऱ्या मारतात. काहीजण आठवडाभर मान वर करत नाहीत आणि रविवारी उजाडता उजाडता राजहंसगडाची वाट धरतात. यातलं काय निवडावं हे तुमच्या स्वभावापेक्षा तुमच्या घरावर जास्त अवलंबून आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी रोजचं बघू. यातली सगळ्यात जमेची बाजू म्हणजे सवय. एकदा अंगवळणी पडलं की रोज मनाशी भांडावं लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबानं 66 दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाचा अंदाज 254 दिवसांवर गेला. आणि मधला एखादा दिवस चुकला तरी सवय मोडली नाही. ‘काल राहिलं, आता कशाला’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

अडचण वेगळीच आहे. वडगाव-शहापूरकडच्या एखाद्या घरातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. ज्या भागात चोवीस तास पाणी नाही, तिथं नळ कधी येईल याच्यावर सकाळ चालते. गल्लीतून ‘पाणी आलं गे’ अशी हाक आली की आसनाची चटई तशीच गुंडाळायची, मोटर लावायची, मग टाकी, बॅरल, पिंप आणि शेवटी प्यायच्या पाण्याच्या कळश्या. पाणी जाईपर्यंत डब्यांची वेळ होते. मागच्या खोलीत यंत्रमाग असेल तर त्याची खडखड सुरू झाल्यावर डोळे मिटून बसायची सोयच नाही. शिवाय घरात बसलेली बाई म्हणजे मोकळी बाई, असं घरातल्या प्रत्येकाला वाटतं. सासूबाईंना गोळी द्यायची असते, पोराला मोजा सापडत नसतो. अशा घरात रोजचा अर्धा तास कागदावरच राहतो, आणि वर ‘आपल्यालाच जमत नाही’ ही टोचणी लागते. ती बाईनं स्वतःला लावून घेऊ नये, कारण दोष तिचा नसतो.

आठवड्याची सकाळ इथं सरस ठरते. बाहेर पडलेल्या माणसाला कुणी चहा मागत नाही. येळ्ळूरपर्यंत बसनं जायचं आणि गावातून चालत राजहंसगडावर, सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत. पावसाळा संपत आला की वरून भाताची खाचरं नजर पोचेल तिथवर हिरवी दिसतात, आणि तेवढा वेळ खिशातला फोन आठवतसुद्धा नाही. बायकांना तर खर्चाचंही कारण उरलेलं नाही. शक्ती योजनेमुळे जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या राज्यात सरकारी साध्या बसचं तिकीट पडत नाही. चालणं झेपत नसेल त्यांनी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसावं. 1848 पासूनची संस्था आहे, आणि तिथं निवांत पेपर वाचत बसलेल्या माणसाला उठवायला कुणी येत नाही.

आठवड्यातून एकदा चालून काय होतंय, असं म्हणणारे भेटतील. प्रौढांनी आठवड्याला निदान 150 मिनिटं तरी अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मिनिटं एक-दोन दिवसांत उरकणारे आणि आठवडाभर वाटून घेणारे, यांची तुलना ब्रिटनमधल्या जवळजवळ 90 हजार लोकांच्या नोंदींवरून झाली आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दोन्ही गटांत साधारण सारखाच कमी दिसला. म्हणजे व्यायामाची थकबाकी रविवारी बऱ्यापैकी फेडता येते. मात्र जूनपासून खानापूरकडं पाऊस लागला की हा बेत हमखास कोलमडतो, तेव्हा पावसाळ्यासाठी घरातलं काहीतरी हाताशी असू द्या.

झोपेची थकबाकी मात्र अशी फिटत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एका छोट्या गटावर झालेला प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवडाभर कमी झोपून शनिवार-रविवारी हवं तेवढं झोपलेल्यांची जागरणं पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर सांभाळायची ताकद घटलेलीच दिसली. रात्री बारापर्यंत रील बघायचे आणि पहाटे पाचला उठून प्राणायाम करायचा, याला मी स्वतःची काळजी घेणं म्हणणार नाही. झोप सात तासांच्या खाली जात असेल तर पहाटेचा बेत खुशाल सोडा आणि झोपा.

मधुमेह असलेल्यांना तर निवडीला फारशी जागाच नाही. चालण्यात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचं सांगणं आहे. निपाणी-चिकोडीकडं ऊसतोडीच्या हंगामात कामाचे तास कसेही फिरतात. तिथल्या शुगरवाल्यांनी पूर्ण अर्धा तास मिळायची वाट बघू नये. जेवणानंतर दहा मिनिटं अंगणात फिरलं तरी चालेल, पण ते रोजच्या रोज व्हावं.

तेव्हा, सकाळ तुमच्या ताब्यात असेल, म्हणजे पोरं मोठी झाली असतील, नळाला चोवीस तास पाणी असेल किंवा तुम्ही एकटे राहत असाल, तर रोजचा अर्धा तास घ्या. भरलेलं घर आणि वरून नोकरी असेल तर आठवड्याची सकाळ घ्या आणि ती बाहेरच घ्या. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, आणि त्या सकाळी चूल नवऱ्याकडं द्या. दोन्ही एकदम सुरू करायच्या भानगडीत पडू नका.

फोनचं काय करायचं, हे दोन्हीकडं सारखंच आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये एकेका अॅपला टायमर लावता येतो. वेळ संपली की ते अॅप मध्यरात्रीपर्यंत बंद राहतं. पण टायमर वाढवायला दोनदा बोट लावलं की झालं, म्हणून माझा त्याच्यावर फार भरवसा नाही. फोन दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवणं जास्त खात्रीचं.

आणि दोन आठवडे होऊन गेले तरी मन उभारी धरत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर फिरण्यावर किंवा सुट्टीवर भागवू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, आणि बोलायची भाषा निवडता येते.