गाळ टाकण्यावर नजर: लॉगबुक बरं की ट्रॅकिंग?

देखभाल ड्रेजिंगच्या, म्हणजे बंदरात पुन्हा पुन्हा साचणारा गाळ उपसण्याच्या, टेंडरमध्ये चॅनलची (जहाजांच्या वाटेची) खोली, दर, मुदत यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. काढलेला गाळ समुद्रात ठरल्या जागीच पडतोय की नाही, हे कसं तपासायचं याला मात्र जेमतेम चार ओळी मिळतात. खरं तर तिथेच जास्त विचार हवा. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार, मूळ मंजुरीत धरलेल्या देखभाल ड्रेजिंगला दरवेळी नवी पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे वर्षानुवर्षांचं नियंत्रण जुन्या मंजुरीतल्या अटी आणि आपलं टेंडर यांच्यावरच चालतं.

पर्याय मुख्यतः दोन. पहिला, ड्रेजरचं, म्हणजे गाळ उपसणाऱ्या जहाजाचं, लॉगबुक (फेऱ्यांची नोंदवही) आणि कामाच्या आधी-नंतरचा खोलीचा सर्व्हे. दुसरा, हॉपरची (पोटात गाळ भरून नेणाऱ्या ड्रेजरची) जागा, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते) आणि तळाची दारं उघडल्याची वेळ आपोआप नोंदवणारं ट्रॅकिंग. बंदराच्या बाजूने देखरेख करताना मी दोन्ही वापरले आहेत.

लॉगबुकला कमी लेखू नये. खर्च नाही, खलाशांना सवय आहे, आणि बिलावरून वाद झाला तर सही केलेलं पान उपयोगी पडतं. चॅनलमधल्या सर्व्हेवरही माझा भरवसा आहे. पंचाईत होते ती डम्पिंग ग्राउंडच्या, म्हणजे समुद्रात गाळ टाकायच्या ठरलेल्या जागेच्या, सर्व्हेची. रेती टाकली तर ढीग राहतो, तो सर्व्हेत दिसतो. मुंबईच्या आसपासचा गाळ बारीक, चिकणमातीचा. उधाणाच्या भरती-ओहोटीत तो पसरतो, वाहून जातो. त्यामुळे ग्राउंडवर ढीग दिसला नाही म्हणून गाळ तिथे टाकलाच नाही, असं ठामपणे म्हणता येत नाही. टाकला होता, असंही सिद्ध होत नाही.

माझा निर्णय झाला तो एकाच त्रासामुळे : ग्राउंडच्या अलीकडेच दारं उघडणं. लांबची फेरी म्हणजे वेळ आणि डिझेल. रात्र असली, लाटा असल्या की अलीकडे वळायचा मोह होतो. एका कामावर मी लॉगबुक चाळत होतो. प्रत्येक फेरीसमोर ग्राउंडच्या मध्यबिंदूचेच अक्षांश-रेखांश, शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. एवढ्या विस्तृत चौकोनात हॉपर दरवेळी नेमक्या त्याच बिंदूवर कसा थांबेल? त्याच सुमारास शेजारच्या कोळीवाड्यातले एक तांडेल (होडीचे प्रमुख) डोल जाळं (एका जागी रोवून ठेवायचं पिशवीसारखं जाळं) घेऊन आले. जाळ्याच्या टोकाला निळसर काळा चिखल घट्ट बसलेला, जवळा त्यातच चिरडून गेलेला. त्यांची डोल ग्राउंडपासून बरीच आत, खाडीच्या बाजूला होती. त्यांना दाखवायला माझ्याकडे त्या लॉगबुकाशिवाय काही नव्हतं, आणि लॉगबुकात सगळं बरोबर होतं.

नुकसान फक्त त्यांचं नाही. भरतीच्या वेळी आत टाकलेला गाळ पुन्हा चॅनलकडे येऊ शकतो, आणि मग तोच गाळ बंदर दुसऱ्यांदा पैसे देऊन उपसतं. म्हणून तर जागा ठरवण्याआधी इतका अभ्यास होतो. किरणोत्सारी स्कँडियम-४६ असलेले कण तळावर सोडून गाळ कुठे सरकतो याचा माग भाभा अणुसंशोधन केंद्राने मुंबईसह अनेक बंदरांत काढला आहे. एवढ्या काळजीने ठरवलेल्या जागेच्या अलीकडेच हॉपर रिकामा झाला, तर त्या अभ्यासाचा उपयोग काय?

ट्रॅकिंगमध्ये ही गोष्ट लपत नाही. दारं उघडली की काही मिनिटांत ड्राफ्ट झपकन कमी होतो. त्या क्षणाची जागा नकाशावर दिसते. दारं नीट बंद होत नसतील, तर वाटेतच ड्राफ्ट हळूहळू उतरताना दिसतो, म्हणजे गळतीही कळते. अमेरिकेत आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची अशी यंत्रणा पूर्वी ‘सायलेंट इन्स्पेक्टर’ नावाने चालायची. आपल्याकडे केंद्राने मोठ्या बंदरांसाठी २०२३ मध्ये ‘सागर समृद्धी’ ही ड्रेजिंगवरच्या देखरेखीची प्रणाली आणली.

उणिवा आहेत. लाटांत ड्राफ्टचे आकडे नाचतात, सेन्सर बिघडतात, आणि रोज आलेख बघणारा माणूस नेमला नाही तर सगळा डेटा पडून राहतो. शिवाय गाळात काय आहे, हे ट्रॅकिंग सांगत नाही. जड धातू किंवा जहाजांच्या जुन्या रंगातलं ट्रायब्युटिलटिन हे विषारी रसायन यांसाठी उपशाआधी नमुने तपासावेच लागतात. तिथे दोन्ही पर्याय सारखेच अपुरे.

एखाद्या लहान मासेमारी जेट्टीचा गाळ ग्रॅब ड्रेजरने (पंजासारख्या बादलीने) काढून एकाच बार्जने नेणार असाल, तर महागडी यंत्रणा कदाचित परवडणार नाही. तिथे बार्जवर साधा जीपीएस ट्रॅकर आणि सोबत बंदराचा एक माणूस, एवढं बहुधा पुरेल. हॉपर ड्रेजर रात्रंदिवस चालणार असेल, तर मात्र मी ट्रॅकिंगच घेईन आणि लॉगबुक जोडीला ठेवेन. टेंडरमध्ये दोन अटी आवर्जून घाला : ज्या फेरीची नोंद नाही किंवा जी ग्राउंडबाहेर रिकामी झाली तिचे पैसे नाहीत, आणि दिवसभराच्या फेऱ्यांचा नकाशा त्याच संध्याकाळी मच्छीमार सोसायटीला द्यायचा. दुसऱ्या अटीला ठेकेदार सहसा जास्त विरोध करतो. ती सोडू नका.